घरातले, बाजारातले आणि टँकरमधले धोकादायक पदार्थ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथीच्या म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधीची साफसफाई, एप्रिल-मेमधली फेणी, दिवाळीतला नरकासुराचा पुतळा आणि बारा महिने महामार्गावर धावणारे टँकर. गोव्यातल्या पंचायतींत आणि शाळांत सुरक्षेवर बोलायला गेलो की याच चार निमित्तांनी चिठ्ठ्या येतात. नंतर फोनवरही तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरे एका जागी लिहून काढली. आधी सोपे प्रश्न घेतले आहेत, अडचणीचे पुढे आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, फक्त क्रमांक दिला आहे.

१. एखादा पदार्थ धोकादायक आहे हे ठरवते कोण?

जगभर दोन पद्धती चालतात. पहिली वाहतुकीची. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने तिच्या शिफारशी १९५६ मध्ये पहिल्यांदा छापल्या. मुखपृष्ठाच्या रंगावरून त्यांना नारंगी पुस्तक म्हणतात. नऊ वर्ग आणि प्रत्येक मालाचा चार आकडी यूएन क्रमांक तिथून आला. दुसरी पद्धत २००३ ची, ती माल हाताळणाऱ्या माणसासाठी आहे. पांढऱ्या चौकोनाला लाल कड आणि आत कवटी, ज्योत किंवा हातावर सांडणारा थेंब, ही चित्रे तिची.

त्याशिवाय आपल्या देशात स्फोटके, पेट्रोलियम, गॅस सिलिंडर आणि कीटकनाशके यांचे कायदे वेगवेगळे आहेत. त्यांतल्या काहींचे स्वतःचे वर्गही आहेत. लोकांचा निम्मा गोंधळ यातूनच होतो. प्रश्न १०, १२ आणि १४ पाहा.

२. नऊ वर्ग कोणते? घरातल्याच वस्तूंवरून सांगता येतील का?

देवघरापासून सुरुवात करू. कापूर आणि काडेपेटी दोन्ही वर्ग ४.१ मध्ये, म्हणजे पेट घेणारे घन पदार्थ. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही त्याच वर्गातल्या. स्वयंपाकघरातला सिलिंडर २.१, ज्वलनशील वायू. आग विझवायच्या नळकांड्यातला कार्बन डायऑक्साइड २.२, कारण तो पेटत नाही आणि विषारीही मानला जात नाही. विषारी वायूंचा गट २.३. नळाचे पाणी शुद्ध करायला वापरतात तो क्लोरीन वायू त्यात येतो. आरशासमोरचे नेलपॉलिश, अत्तर आणि सॅनिटायझर हे वर्ग ३ चे ज्वलनशील द्रव. न्हाणीघरातला आम्लाचा क्लिनर आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतले आम्ल वर्ग ८, म्हणजे कातडी आणि धातू खाणारे. मोबाइलची लिथियम बॅटरी वर्ग ९, म्हणजे इतर आठांत न बसणारी.

आता राहिलेले. फटाके वर्ग १ मध्ये. ४.२ म्हणजे आपोआप तापून पेटू शकणारे, त्याचे उदाहरण प्रश्न ८ मध्ये आहे आणि ते वाचून बहुतेकांना हसू येते. ४.३ म्हणजे पाणी लागले की ज्वलनशील वायू सोडणारे. मानकुराद आंबे झटपट पिकवायला काही व्यापारी चोरून वापरतात ते कॅल्शियम कार्बाइड या गटातले. दमट हवेतही त्यातून ॲसिटिलीन सुटतो. फळे त्याने पिकवायला अन्नसुरक्षेच्या नियमांनी बंदी आहे. वर्ग ५ ऑक्सिजन पुरवून आग भडकवणाऱ्यांचा, प्रश्न ६ आणि १३ पाहा. ६.१ विषारी पदार्थांचा, त्यात अनेक कीटकनाशके येतात. ६.२ संसर्गजन्य वस्तूंचा, उदाहरणार्थ दवाखान्यातल्या वापरलेल्या सुया. वर्ग ७ किरणोत्सारी पदार्थांचा. काही धूरसूचक यंत्रांत अमेरिशियमचा कण असतो, घराजवळचे उदाहरण हवेच असेल तर तेवढे एकच.

३. वर्ग १ सर्वांत घातक आणि वर्ग ९ सर्वांत सौम्य, असे समजावे का?

नाही. वर्गाचा आकडा अपघात कोणत्या प्रकारचा होईल ते सांगतो. तो किती मोठा होईल हे त्या आकड्यात नसते. शाळेतली इयत्ता पाचवी आणि सातवी यांच्यासारखी ही चढण नाही. धोक्याची तीव्रता सांगायला अनेक वर्गांत पॅकिंग गट असतात : एक म्हणजे मोठा धोका, दोन मध्यम, तीन कमी. पेट्रोल आणि रॉकेल दोन्ही वर्ग ३ चे, पण पेट्रोल गट दोनमध्ये आणि रॉकेल गट तीनमध्ये. पेट्रोलची वाफ थंडीतही ठिणगीची वाट पाहत असते. रॉकेलला आधी थोडे तापावे लागते.

४. टँकरच्या मागच्या पाटीवर ‘३वायई’ आणि ‘१२०३’ असे लिहिलेले असते. ते कुणासाठी?

मुख्यतः अग्निशमन दलासाठी, पण तुम्हालाही वाचता आले तर बरे. १२०३ हा पेट्रोलचा यूएन क्रमांक. वरच्या संकेतातला पहिला आकडा आग कशाने विझवायची ते सांगतो : १ म्हणजे पाण्याचा जाड मारा, २ म्हणजे पाण्याचा बारीक फवारा, ३ म्हणजे फेस, ४ म्हणजे पाणी अजिबात नको, कोरडे साधन वापरा. ‘वाय’ म्हणजे सांडलेले गटारात किंवा ओहोळात जाऊ देऊ नका, अडवा. शेवटी ‘ई’ असेल तर आसपासच्या लोकांना हलवायचा विचार करा.

पेट्रोलला ३ का, हे मुरगावच्या लोकांना वेगळे सांगायला नको. २०२४ च्या जानेवारीत दाबोळीजवळ माटवे भागातल्या विहिरींत पेट्रोलियम उतरले, तेव्हा पाण्यावर आग दिसली. पेट्रोल पाण्यावर तरंगते. बादलीभर पाणी ओतले तर आग विझायचे राहते बाजूला, ती पाण्याबरोबर पुढे सरकते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे अशा वाहनावर मालाचे नाव, वर्गाचे चिन्ह आणि आपत्कालीन फोन क्रमांक लावावा लागतो. चालकाला वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि मालाची माहिती लेखी स्वरूपात केबिनमध्ये ठेवावी लागते. टँकर उलटलेला दिसला तर मोबाइलवर चित्रण करायला जवळ जाऊ नका. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला लांब उभे राहा, पाटीवरचा चार आकडी क्रमांक लांबून दिसत असेल तर तो ११२ वर सांगा. फोनवर “कसला तरी गॅस आहे” सांगणे आणि “१००५ आहे” सांगणे यात पथकाची बरीच मिनिटे वाचतात.

५. १००५ म्हणजे अमोनिया ना? मग त्यावर दोन चिन्हे का असतात?

हो, अमोनियाच. जानेवारी २०१८ मध्ये चिखलीला रात्री टँकर उलटला आणि लोकांना झोपेतून उठून घरे सोडावी लागली, तो हाच. मुख्य वर्ग २.३, विषारी वायू. पण ओलसर जागी म्हणजे डोळे, घसा आणि फुप्फुसे इथे तो कॉस्टिकसारखा भाजतो, म्हणून जोडीला वर्ग ८ चे चिन्ह. याला दुय्यम धोका म्हणतात. खरे तर अमोनिया हवेपेक्षा हलका आहे. तरी टँकरमधून द्रव सुटला की तो इतका थंड असतो की पांढरे धुके होऊन जमिनीलगत पसरतो. तो पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून नाकावर ओला कपडा धरून बाहेर पडायला सांगतात.

दोन चिन्हांचे घरगुती उदाहरण हवे तर पारा घ्या. विषारी म्हणून तो ६.१ मध्ये असावा असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्याचा मुख्य वर्ग ८ आहे आणि ६.१ दुय्यम. कारण पारा ॲल्युमिनियम पोखरतो, आणि विमानाचे अंग बहुतांशी ॲल्युमिनियमचे असते.

६. आम्ही पावसाळ्यानंतर विहिरीत ब्लीचिंग पावडर घालतो. पिण्याच्या पाण्यात घालायची वस्तू धोकादायक कशी?

मात्रा आणि जागा यांचा हा फरक आहे. विहिरीतल्या हजारो लिटर पाण्यात ती काही ग्रॅमांत जाते. पोत्यात मात्र ती वर्ग ५.१ ची वस्तू असते. बाजारातल्या चांगल्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन उपलब्ध असतो, आणि १० ते ३९ टक्क्यांचे मिश्रण यूएन २२०८ खाली येते. ती स्वतः जळत नाही. पण शेजारी रॉकेलचा डबा, खोबरेल किंवा जुने गोणपाट असेल तर आगीला ती जोर पुरवते. कोठारात वर्ग ५ आणि वर्ग ३ शेजारी ठेवू नयेत हा नियम घराच्या पडवीलाही लागू पडतो.

मोठा धोका दुसराच आहे. तिच्यावर आम्ल पडले की क्लोरीन वायू सुटतो, म्हणजे ५.१ आणि ८ यांच्या भेटीतून २.३ जन्माला येतो. आमच्याच घरी चवथीच्या साफसफाईत वहिनीने न्हाणीच्या फरशीवर पावडर टाकली, डाग जाईना म्हणून वर टॉयलेट क्लिनर ओतला. दार लावलेले होते. दोन मिनिटांत ती खोकत बाहेर आली आणि संध्याकाळपर्यंत घसा जळत होता. “दोन्ही साफ करायचीच ना, मग एकत्र केली तर काय?” हा तिचा प्रश्न रास्त होता. बाटलीवरच्या बारीक अक्षरांत त्याचे उत्तर असते, पण ती अक्षरे वाचायला भिंग लागते.

७. फेणी ज्वलनशील द्रव आहे का? विमानातून नेता येते का?

आहे. काजूफेणीत अल्कोहोल साधारण ४२ ते ४५ टक्के असते. पाण्यात ४० टक्के अल्कोहोल असले तरी सुमारे २६ अंश सेल्सियसला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा त्याच्या आसपासच असतो. म्हणून वर्ग ३, यूएन ३०६५, पॅकिंग गट तीन.

विमानात प्रमाणावरून तीन कप्पे होतात. २४ टक्क्यांपर्यंतच्या दारूला धोकादायक माल म्हणून बंधन नाही. उर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या वाफेची सौम्य दारू, यात बसतो. २४ ते ७० टक्के असेल तर माणशी ५ लिटर, आणि तेही दुकानातल्या मूळ सीलबंद बाटलीत. ७० टक्क्यांवरचे काहीच नेता येत नाही. अडचण दुसऱ्या कप्प्यातल्या ‘मूळ सीलबंद’ या दोन शब्दांत आहे. मामाच्या भट्टीवरची, मिनरल वॉटरच्या बाटलीत भरलेली फेणी कितीही अस्सल असली तरी या नियमात बसत नाही. दाबोळीच्या विमानतळावर नाही आणि मोपाच्याही नाही. हातातल्या बॅगेतल्या द्रवांची मर्यादा आणि अबकारी खात्याचे नियम यांचा या वर्गीकरणाशी संबंध नाही. ते वेगळे सांभाळावे लागतात.

८. माझ्या बॅगेतले सुके खोबरे विमानतळावर काढून ठेवले. खोबऱ्यात काय स्फोट होणार?

स्फोट नाही, पण खोबरे खरोखरच यादीत आहे : वर्ग ४.२, यूएन १३६३. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असते. ते हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावते आणि उष्णता सुटते. वाटीभर खोबऱ्यातून ती लगेच निघून जाते. जहाजाच्या कोठीत गच्च भरलेल्या पोत्यांत मात्र तिला बाहेर पडायला वाट नसते. ती साचत जाते आणि ढीग आतून पेटतो. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळाही असाच पेटू शकतो. गॅरेजवाल्यांनी आणि सुतारांनी हे विशेष लक्षात ठेवावे. प्रक्रिया न केलेले मासळीचे कूटही ४.२ मध्येच येते. तापू नये म्हणून त्यात रसायन मिसळले की तेच कूट वर्ग ९ मध्ये जाते.

ओला नारळ या वर्गात येत नाही. नियम जहाजभर मालावरून आला आणि तुमच्या पाव किलोवर बसला, हे मान्य. पण तपासनीस तरी पाव किलो आणि पाच किलो यांत रेघ कुठे ओढणार?

९. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच का? पेटणारी वस्तू माणसांजवळ ठेवायची?

नेमके त्याच कारणासाठी. केबिनमध्ये पेटली तर कुणी तरी पाहते आणि विझवता येते. सामानाच्या कोठीत कळेपर्यंत उशीर होतो. मर्यादा वॉट-तासांत मोजतात : १०० पर्यंत चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाही. २०,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे २० अँपिअर-तास. त्याला ३.७ व्होल्टने गुणले की ७४ वॉट-तास. चालेल.

१०. कीटकनाशकाच्या डब्यावर हिरवा त्रिकोण होता. म्हणजे सेंद्रिय ना?

नाही. ही चूक अनेक कुळागरांत, म्हणजे माड-पोफळीच्या बागांत, ऐकली आहे. खाण्याच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका डोळ्यांत बसलेला असतो, त्याचा हा परिणाम. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे डब्यावर एक तिरका चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्याचा रंग विषाची तीव्रता सांगतो. तोंडावाटे दिल्यावर निम्मे प्रयोगप्राणी मरतील अशी मात्रा शरीराच्या दर किलोमागे मोजतात. ती १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यावर हिरवा. हिरवा म्हणजे चौघांत सर्वांत कमी विषारी. फवारताना हातमोजे आणि तोंडावर फडके त्यालाही हवेच. आणि उरलेले औषध सॉफ्ट ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवू नका, कारण रंगाचा तो चौकोन डब्याबरोबर मागेच राहतो.

११. २०१८ ला मासळीतल्या फॉर्मेलिनवरून एवढा गदारोळ झाला. फॉर्मेलिन कोणत्या वर्गात येते?

२५ टक्के किंवा त्याहून अधिक फॉर्मल्डिहाइड असलेले द्रावण वाहतुकीत वर्ग ८, यूएन २२०९. पण तुम्हाला विचारायचे आहे ते हे नाही, याची कल्पना आहे. वाहतुकीचा वर्ग विचारतो : आज डबा फुटला तर काय होईल? बांगड्यातून रोज थोडे थोडे पोटात गेले तर काय, हा प्रश्न त्या पुस्तकाला कुणी घातलेलाच नाही. त्यासाठी अन्नसुरक्षेचे नियम आहेत, आणि कर्करोगासाठी आंतरराष्ट्रीय संस्थेचे वेगळे गट आहेत. त्यात फॉर्मल्डिहाइड गट १ मध्ये आहे.

त्या गट १ बद्दलही सांभाळून. प्रक्रिया केलेले मांसही २०१५ मध्ये त्याच गटात गेले, म्हणजे आपला चोरीस, डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज, तोही तिथेच. दारूही तिथे आहे आणि तंबाखूही. त्या गटाचा अर्थ “कर्करोग होतो याचा पुरावा भक्कम आहे” एवढाच. चोरीस आणि सिगारेट सारख्याच घातक आहेत असे तो म्हणत नाही.

१२. होडीच्या इंजिनासाठी घरात पेट्रोल किती ठेवता येते?

पेट्रोलियम कायदा १९३४ चा आहे आणि त्याचे वर्ग अ, ब, क असे आहेत. वाफ पेटण्याचे तापमान २३ अंशांखाली असेल तर अ, २३ ते ६५ ब, त्यापुढे ९३ पर्यंत क. पेट्रोल अ वर्गात, रॉकेल आणि डिझेल ब वर्गात. विक्रीसाठी नसलेले अ वर्गाचे तेल एकूण ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येते, पण घट्ट बुचाच्या भांड्यात : काच किंवा चिनीमातीचे असेल तर १ लिटरपर्यंत, धातूचे असेल तर २५ लिटरपर्यंत. प्लॅस्टिकच्या बाटलीचे त्यात नावच नाही. हा कायद्याचा आकडा. चूल पेटते त्या खोलीत तर एक लिटरही जास्तच.

१३. फायबरच्या होडीची डागडुजी घरी करतो. राळ आणि हार्डनर एकाच खोक्यात ठेवले तर?

ठेवू नका. राळ वर्ग ३, हार्डनर बहुधा वर्ग ५.२, सेंद्रिय परॉक्साइड. त्याच्या स्वतःच्या रेणूत इंधनही आहे आणि ऑक्सिजनही, म्हणून उन्हात तो बिघडतो आणि भडकू शकतो. त्याहून जपायचे ते राळ लवकर घट्ट व्हावी म्हणून घालतात त्या जांभळट कोबाल्टला. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोटक प्रतिक्रिया होते. कोबाल्ट आधी राळेत पूर्ण ढवळायचा, हार्डनर शेवटी.

१४. फटाक्यांच्या परवान्यावर ‘वर्ग ७’ लिहिले आहे. वर्ग ७ तर किरणोत्सारी ना?

संयुक्त राष्ट्रांच्या यादीत, हो. पण परवाना भारतीय स्फोटक नियम, २००८ खालचा आहे आणि त्या नियमांची यादी निराळी. तिच्यात दारूगोळा वर्ग ६ मध्ये, फटाके वर्ग ७ मध्ये. तयार फटाके विभाग २ चे. तेच फटाके जहाजावर चढले की वर्ग १ होतात, साधारणपणे १.३ किंवा १.४.

यातली खरी मेख १.४ मध्ये आहे. ‘धोका मुख्यतः खोक्यापुरता’ असा त्याचा अर्थ, आणि तो कारखान्याच्या खोक्याला धरून दिलेला असतो. माळा सोडून, कागद काढून त्यातली दारू नरकासुराच्या पोटात एकत्र भरली की तो वर्ग संपला. आता हातात आहे ते कुणीही न तपासलेले स्फोटक. वाड्यावरच्या मुलांना हे पटवणे कठीण जाते, तरी दरवर्षी सांगतो.

१५. छपरावरचे सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे आहेत. ते धोकादायक माल ठरतात का?

सुटे ॲस्बेस्टॉस वर्ग ९ मध्ये आहे. सिमेंटमध्ये घट्ट बसलेले तंतू वाहतुकीत बाहेर उडणार नाहीत अशा स्थितीत असतील तर त्यांना सूट मिळते. अखंड पत्रा त्यामुळे वर्गाबाहेर राहतो. करवतीने कापलात, हातोडीने फोडलात की धुळीत तंतू सुटतात आणि सूट ज्या कारणासाठी होती ते कारणच उरत नाही. उतरवायचेच असतील तर पाणी मारून, खिळे सोडवून अख्खे उतरवा. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

१६. हे सगळे टाकायचे कुठे? आणि रिकामा डबा रिकामाच ना?

२०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्याची व्याख्या दिली : रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे, सीएफएल आणि ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया. हे ओल्या-सुक्या कचऱ्यात न घालता वेगळे द्यायचे. कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी सत्तरीत पिसुर्ले इथे प्रकल्प आहे. तो तुमच्या दारात गाडी पाठवत नाही, म्हणून आधी पंचायतीत किंवा पालिकेत वेगळ्या संकलनाचा दिवस विचारून घ्या. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदारालाच परत करा.

रिकाम्या डब्याचे उत्तर मात्र सरळ आहे. आतून धुऊन वाफ काढली नसेल तर तो भरलेल्या डब्याच्याच वर्गात राहतो. रिकामे पेट्रोलचे पिंप तर भरलेल्यापेक्षा चटकन फुटते, कारण त्यात द्रव नसला तरी वाफ आणि हवा दोन्ही असतात. अशा पिंपाला वेल्डिंग करून पाण्याची टाकी करून देतो असे कुणी म्हणाला, तर त्याला आधी प्रश्न ३ वाचायला द्या.